घाईची गाठ

"तुम्ही चोर आहात. भुरटे नव्हे, चांगले पट्टीचे चोर."

एवढं लिहून आत्याने पेन उचललं आणि वाक्य पुन्हा वाचलं. कंपनीच्या गुळगुळीत छापील फॉर्मवर ते झकास दिसत होतं. फॉर्म खराब मालाचा होता. पुस्तक भिजून आलं, उलटं बांधलं गेलं, मधली सोळा पानं गायब असली, की दुकानदाराने तो भरून कंपनीला पाठवायचा. पुस्तकाचे नाव : निळी कक्षा, भाग नववा आणि अखेरचा. आवृत्ती : मोठ्यांची. दोषाचे स्वरूप : इथे तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'लेखकाचं नाव नाही.' आणि त्याखालच्या 'तपशील' नावाच्या रकान्यात चोरांपासून सुरुवात केली होती.

"एका माणसाच्या आयुष्याची नऊ वर्षं तुम्ही नऊ पुस्तकांत छापलीत, आणि मुखपृष्ठावर शिक्का मारलात : निळी कक्षा लेखन विभाग. विभाग लिहितो होय? विभाग रडतो? विभागाला बाप असतो, पार्सलं बांधणारा?"

सगळ्यात खाली एक रकाना होता, 'कंपनीचे उत्तर'. तो तेवढा कंपनीने भरायचा असे. इतक्या वर्षांत तो भरून आल्याचं आत्याला आठवत नव्हतं.

सकाळचे साडेसात वाजले होते. दुकानाच्या मागच्या खोलीत खोकी छताला टेकली होती आणि प्रत्येकावर लाल पट्टी होती : दहापूर्वी उघडू नये. शटरच्या पलीकडे माणसांचा गलका चालला होता. कुणीतरी खेळण्यातल्या पिपाणीवर सिनेमाची धून वाजवत होतं, दर वेळी एकाच ठिकाणी चुकत होतं, आणि चुकलं की अख्खी रांग हसत होती.

शटर गुडघ्याएवढं वर झालं आणि खालून पुतणी आत सरपटली. दादाची एकुलती एक लेक, सव्वीस वर्षांची, दोन्ही गालांवर निळ्या रंगाची रेघ.

"आत्या! रांग घड्याळजीच्या दुकानापर्यंत गेलीय! एक काका अंगभर चंदेरी कागद गुंडाळून आलेत. बसले की कागद फाटतो, म्हणून पहाटेपासून उभेच आहेत बिचारे. आणि तू इथे काय लिहीत बसलीयस?"

"शिव्या."

"कुणाला?"

"बस. आधी हे ऐक."

आत्याने काळं जाड पुस्तक ओढलं. मोठ्या दुकानांना कंपनी मोठ्यांच्या आवृत्तीची एकच वाचनप्रत चार दिवस आधी पाठवते. या दुकानात ती आत्याकडेच येई, कारण बाकी कुणी ती वाचत नसे. दादा पुस्तकं विकायचा. वाचायचा नाही. हलवायाने पेढे खाल्ले तर दुकान चालायचं कसं, असं काहीतरी तो म्हणे आणि स्वतःच हसे.

निळी कक्षाचा सिनेमा एक आला की त्याची पुस्तकं दोन यायची. मुलांचं निळं, पातळ, मोठ्या टाइपातलं, मागे घडी घातलेला ताऱ्यांचा नकाशा. मोठ्यांचं काळं, चारशे पानांचं, नकाशा नाही, पण सिनेमात जी माणसं नुसती धावतात ती या पुस्तकात विचार करायची, कुढायची, एकमेकांना टोमणे मारायची. आठही भाग आत्याने वाचले होते, दोन्ही आवृत्त्यांत. आणि आठही वेळा तिला वाटलं होतं की हा लिहिणारा आपल्या ओळखीचा आहे. चांगल्या पुस्तकाने तसं वाटतंच, म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. आज सकाळी सहा वाजता, पान तीनशे बारावर, तिच्या हातातला चहा बशीत सांडला.

ती वाचायला लागली.

"'यान आता फार वेळ टिकणार नव्हतं. यंत्रवालीने वैमानिकाला खुर्चीशी बांधायला घेतलं. दोन वेढे यानाचे, ती म्हणाली, अर्धा माणसाच्या घाईचा. टोक बाहेर ठेवते. वेळ आली की हे ओढ, एका झटक्यात सुटशील. ही गाठ माझ्या वडिलांची. ते म्हणत, गिऱ्हाईक कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत सोडायला बघतं, त्याच्या नखांना त्रास नको.'"

पुतणीचं तोंड उघडंच राहिलं.

"आत्या, ही तर आजोबांची गाठ."

"घाईची गाठ."

"'दोन वेढे दुकानाचे, अर्धा गिऱ्हाइकाच्या घाईचा.' बाबा अजून म्हणतात बांधताना, पुटपुटत."

"आणि मला सांग, तिथे शनीच्या पलीकडे गिऱ्हाईक कुठून आलं? त्या यंत्रवालीचा बाप पार्सलं बांधत होता का अंतराळात? सिनेमात आहे हे?"

"सिनेमात ती पट्टा लावते फक्त. खट्कन." पुतणीने पुस्तक हिसकावून घेतलं, पान जवळ धरलं, लांब धरलं. "ही गाठ जगात चारच माणसांना येते. बाबा. तू. मी. आणि..."

"आणि छोट्या," आत्या म्हणाली.

छोट्या म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. वय चव्वेचाळीस, पण घरात अजून छोट्याच. कुठल्याशा छापखान्यात मुद्रितं तपासतो, एवढंच सगळ्यांना ठाऊक. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत तो याच दुकानात काम करायचा, आणि त्याने स्वतःच्या खर्चाने स्वतःची कादंबरी छापली होती. दोनशे प्रती. दोन वर्षं त्या दाराजवळच्या फळीवर धूळ खात उभ्या होत्या. मग एके दिवशी दादाला ती फळी हवी झाली. त्याने गठ्ठे रद्दीवाल्याच्या गाडीवर चढवले. विचारलंसुद्धा नाही. छोट्या दुपारी आला, रिकामी फळी बघितली. दादा म्हणाला, "खपलं तर पुस्तक, नाहीतर रद्दी. मनाला लावून घेऊ नको." छोट्याने दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली आणि गेला. तेव्हापासून दोघा भावांत एक शब्द नाही.

शब्द नाही, पण येणं होतं. निळी कक्षाचा नवा भाग आला की त्या दिवशी छोट्या रांगेत उभा राहायचा, चारचौघांसारखा. एक काळी प्रत घ्यायचा. दादा मान वर न करता पार्सल बांधायचा, गाठ मारायचा, पुढे सरकवायचा. छोट्या ते उचलून चालू पडायचा. आठ वेळा असं झालं होतं. आत्याला दर वेळी वाटे, एकाने तरी खोकावं.

"म्हणजे काका स्वतःचंच पुस्तक रांगेत उभं राहून विकत घेत होता?" पुतणीचे डोळे चमकायला लागले. "आत्या, बाहेरच्या माणसांना कळलं ना, तर ती त्याला खांद्यावर घेऊन नाचतील! मी आत्ता जाऊन सांगते!"

"थांब, वेडे! आधी..."

"काय सांगते?" शटरखालून दुसरा आवाज आला, आणि पाठोपाठ वहिनी. दादाची बायको. मोठ्यांच्या पुस्तकांचा काउंटर तिचा होता, आणि दुकानात शेवटचा शब्दही बहुतेक तिचाच. तिने साडीला चिकटलेला धुळीचा पट्टा झटकला, आळीपाळीने दोघींकडे बघितलं, फॉर्म उचलला, वाचला. पुस्तकातलं पान वाचलं. पुन्हा वाचलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "हा कागद घडी घालून कनवटीला लावा. आज नाही."

"का नाही?"

"शहरातली एवढी दुकानं सोडून कंपनीने शेवटच्या भागाचा सोहळा आपल्याकडे ठेवलाय. साहेब स्वतः येताहेत माइक घेऊन. आणि तुम्ही त्यांना चोर म्हणणार? उद्यापासून खोकी येतील का दारात?"

"आणि छोट्याचं नाव?"

"भाऊजींनी स्वतः काही सांगितलंय? नाही ना? लपवलं असेल तर कारण असेल. माणसाचं गुपित त्याच्या परवानगीशिवाय चव्हाट्यावर मांडायचं नसतं."

"आई, तू कंपनीच्या बाजूची आहेस!" पुतणी तडकली.

"मी दुकानाच्या बाजूची आहे. तू खातेस ते या दुकानाचं. गाल पूस, डावीकडची रेघ कानात गेलीय."

आत्याने फॉर्म घडी घालून कनवटीला लावला. राग आला होता तो वहिनी चुकीचं बोलली म्हणून नव्हे. तिचं म्हणणं अर्धं बरोबर होतं, याचा राग आला होता.

साडेनऊला दादा आणि साहेब बरोबरच आले. दादा साठीचा, आज इस्त्रीचा शर्ट, चेहरा असा फुललेला की जणू यान याच्याच गच्चीवरून सुटणार आहे. साहेब म्हणजे कंपनीचा विभागीय व्यवस्थापक. त्याच्या टायवर बारीक बारीक निळी यानं होती, म्हणून दुकानात त्याचं नाव टायवाला. बरोबर माइक, एक पेटी आवाजाची, पुठ्ठ्याचा माणसाएवढा वैमानिक, आणि कागदांचा एक गठ्ठा.

"हा पाहणीचा तक्ता," टायवाला गठ्ठा काउंटरवर ठेवत म्हणाला. "प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन प्रश्न. वय किती, पुस्तक कुणासाठी, आणि ही आवृत्ती का. काय झालंय, मुलांची आवृत्ती मोठी माणसं फार घेताहेत. वर कळेना, का."

"नकाशासाठी," आत्या म्हणाली.

"अं?"

"नकाशा मुलांच्याच पुस्तकात घातलाय तुम्ही. मोठ्यांना काय वाट सापडते?"

टायवाला हसला. कागदावर काहीतरी टिपलंसुद्धा. माणूस वाईट नव्हता. अशी माणसं वाईट नसतात, तीच तर पंचाईत आहे. ती नुसती वरून आलेलं खाली पोचवतात.

"साहेब, एक अडचण आहे," दादा कसंनुसं हसत म्हणाला. "आमच्याकडे गिऱ्हाइकाला 'कुणासाठी' असं विचारत नाहीत. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा नियम. म्हातारी बाई परीकथा घेऊ दे, नाहीतर पोरगं कायद्याचं पुस्तक घेऊ दे. हातात द्यायचं, बांधायचं, मोकळं व्हायचं. पन्नास वर्षांत कधी विचारलेलं नाही."

"आजच्या दिवस विचारा की."

"आजच्या दिवस... बघू," दादा म्हणाला. 'बघू' म्हणजे नाही, हे दुकानातल्या सगळ्यांना कळलं, टायवाल्याला सोडून.

आत्याला राहवलं नाही. "साहेब, हे लिहितं कोण हो?"

वहिनीने काउंटरखालून तिच्या पायावर पाय दिला.

"टीम आहे मोठी," टायवाला सराईतपणे म्हणाला. "लेखन विभाग. लोकांना वाटतं कुणी एक माणूस खोलीत बसून लिहितो. तसं आता राहिलेलं नाही, ताई. नाव एकाचं घातलं, की उद्या तो म्हणणार मीच निळी कक्षा. वाचक वैमानिकाला ओळखतो, यंत्रवालीला ओळखतो. लिहिणाऱ्याला ओळखून त्याला काय मिळणार?"

"अगदी बरोबर," दादा म्हणाला. "लिहिणारे काय, पैशाला पासरी. खपवणारा लागतो."

वहिनीचा पाय आत्याच्या पायावरून निघाला. का निघाला, हे तेव्हा आत्याच्या लक्षात आलं नाही.

दहाला पाच कमी असताना पुतणीने शटर पूर्ण वर केलं आणि रांग ओरडली. पुठ्ठ्याची शिरस्त्राणं, निळे गाल, चंदेरी काका, खांद्यावर बसलेली पोरं, काठी टेकत आलेले एक आजोबा. टायवाल्याने माइकवर उलटी मोजणी सुरू केली. दहा, नऊ, आठ... सहावर रस्त्याने जाणारा दूधवालासुद्धा ओरडायला लागला. शून्याला दादाने लाल पट्टी टर्रकन फाडली आणि खोक्यातून नव्या शाईचा वास सुटला.

मग जे सुरू झालं त्याला विक्री म्हणणं म्हणजे पुराला ओहोळ म्हणणं. आत्याचे हात निळ्या गठ्ठ्यात, वहिनीचे काळ्या गठ्ठ्यात, दादा पार्सलाच्या टेबलावर उभा : खाकी कागद, सुतळी, दोन वेढे, अर्धा, टोक बाहेर, पुढचा! पोरं दाराबाहेर पाऊल पडायच्या आत टोक ओढत होती आणि सुतळ्या पायरीवर साचत होत्या.

दाढीवाला आडदांड माणूस आत्यासमोर आला आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "ते... पातळ द्या. भाच्याला हवंय."

"मी विचारलं नाही," आत्या म्हणाली.

"नाही, पण भाच्याला..."

"नकाशा या वेळी दोन्ही बाजूंनी आहे."

"खरंच?" दाढीवाल्याने तिथेच पुस्तक उघडलं. "अरे, शेवटच्या कक्षेच्या पलीकडचं पण दाखवलंय!" आणि भाचा विसरून तो बाहेरच्या सगळ्यांना ओरडून सांगायला लागला.

वहिनीच्या काउंटरवर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी टाचा उंचावून उभी होती. "काळं. जाड."

टायवाला पुढे झाला. "बेटा, हे मोठ्यांचं आहे. तुझं निळं तिकडे."

"निळ्यात यंत्रवाली काही बोलतच नाही," मुलगी म्हणाली. "नुसती हो कप्तान, हो कप्तान. काळ्यात बोलते. आठवं मी तीनदा वाचलंय."

"कुणासाठी हवंय तुला?"

मुलीने त्याच्याकडे असं बघितलं की टायवरची यानंसुद्धा ओशाळली असतील. "माझ्यासाठी."

वहिनीने टायवाल्याच्या कोपराखालून हात घालून पुस्तक मुलीला दिलं. "आठव्यात तुला काय आवडलं गं?"

"यंत्रवाली वैमानिकाची वाट बघते तेव्हा तिला जेवण जात नाही, पण दोन ताटं मांडते, ते."

"मलापण," वहिनी म्हणाली.

आत्याने चमकून मान वळवली. वहिनी वाचते? वहिनीने नजर चुकवली.

आणि तेवढ्यात रांगेत सहा माणसांच्या मागे छोट्या दिसला. तोच खांद्यावरून उतरलेला कोट, तीच झोळी. चंदेरी काका त्याला काहीतरी हातवारे करून समजावत होते, बहुतेक आठव्या भागाची गोष्ट, आणि छोट्या असा मन लावून ऐकत होता की जणू पहिल्यांदाच ऐकतोय. वहिनी म्हणाली होती ते आत्याला आठवलं. पण दादाही काहीतरी म्हणाला होता. पैशाला पासरी.

छोट्या वहिनीपाशी आला. "एक काळी."

वहिनीने प्रत दिली. हात जरा जास्त वेळ पुस्तकावर राहिला. "बरे आहात ना भाऊजी?"

छोट्या दचकला. अकरा वर्षांत या काउंटरवर कुणी एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. "बरा आहे, वहिनी."

तो दादाच्या टेबलापाशी गेला. दादाने मान वर केली नाही. कागद पसरला, पुस्तक ठेवलं, घडी घातली, सुतळी उचलली. आत्या आपला काउंटर सोडून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"चिमे, गिऱ्हाइकं खोळंबलीत तुझी."

"खोळंबू देत." तिने वाचनप्रत उघडली. "तू बांध. मी वाचते."

"आत्ता?"

"'दोन वेढे यानाचे,'" आत्या वाचायला लागली. दादाने पहिला वेढा घातला. "'अर्धा माणसाच्या घाईचा. टोक बाहेर ठेवते.'"

दुसऱ्या वेढ्यावर दादाचे हात थांबले.

"'ही गाठ माझ्या वडिलांची. ते म्हणत, गिऱ्हाईक कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत सोडायला बघतं, त्याच्या नखांना त्रास नको.'"

सुतळी दादाच्या बोटांतून सुटली. त्याने आधी पुस्तकाकडे बघितलं, मग आत्याकडे, आणि मग, अकरा वर्षांनी, समोर. रांगेतले लोक पुढे झुकले. काय चाललंय ते कुणाला कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय एवढं कळत होतं. पिपाणीवाल्यानेही पिपाणी खाली केली.

"कुणासाठी घेतोस हे?" दादाने विचारलं.

पुतणी शटरपाशी उभी होती, तिने तोंडावर हात ठेवला. अण्णांच्या दुकानातल्या माणसाने तो प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता, आणि तोही दादाने.

छोट्याने झोळी खांद्यावर सावरली. "सही केलीय मी, दादा. कुणाला काही सांगता येत नाही."

"म्हणजे खरं आहे."

"मी काही बोललो नाही."

"नऊच्या नऊ?"

"मी काहीच बोललो नाही." छोट्याने टायवाल्याकडे चोरटी नजर टाकली आणि आवाज उतरवला. "बोलता येत नाही म्हणून तर गाठ लिहिली. शेवटचं पुस्तक होतं. आठ वेळा तू पार्सल बांधलंस, मान वर केली नाहीस. म्हटलं, तोंड नाही ओळखत तर हात तरी ओळखतील. मग आठवलं, तू वाचतच नाहीस." तो हसला, पण ते हसू कुठे टेकेना. "चुकलंच माझं."

दादाने दोन्ही तळवे टेबलावर टेकले. त्याच्याकडे बघून आत्याला वाटलं, हा आता ओरडणार. लहानपणापासून याला लाज वाटली की हा ओरडतो.

"मी तुझ्या दोनशे प्रती..." दादा म्हणाला, आणि पुढचं त्याला येईना.

"एकशे नव्व्याण्णव," वहिनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. काळ्या गठ्ठ्यावर हात ठेवून ती सरळ उभी होती.

"रद्दीवाला आला त्या सकाळी एक मी काढून घेतलं. कपाटात साड्यांखाली आहे. त्यात एक बाई नवऱ्याची वाट बघत दोन ताटं मांडते. मग आठव्या भागात यंत्रवालीने दोन ताटं मांडली, तेव्हाच मला कळलं, लिहिणारा कोण ते."

"वहिनी! तुम्हाला ठाऊक होतं?" आत्याचा आवाज चिरकला. "आणि सकाळी मला कागद कनवटीला लावायला सांगितलात?"

"सांगितलं. भाऊजींचं गुपित भाऊजींचं, असं वाटलं मला. पण आता त्यांनीच गाठ दारात टाकलीय, आणि हे दोघं," तिने नवरा आणि टायवाला दोघांकडे हात केला, "माझ्यासमोर उभं राहून म्हणाले, लिहिणारे पैशाला पासरी. तेव्हाच ठरवलं. वन्सं, काढा तो कागद."

टायवाला गर्दीतून वाट काढत आला. टाय खांद्यावर गेला होता. "काय झालं? रांग का थांबली? हे गृहस्थ कोण?" मग त्याने छोट्याचा चेहरा बघितला, आणि आत्याच्या लक्षात आलं की याने तो कुठेतरी पाहिलाय. टायवाल्याचा रंग उडाला. "तुम्ही? तुम्ही इथे यायचं नव्हतं. करारात स्पष्ट आहे, सार्वजनिक ठिकाणी..."

"पुस्तक विकत घ्यायला आलोय," छोट्या म्हणाला. "करारात तेवढी सूट आहे."

"काका!" पुतणी आनंदाने किंचाळली, आणि रांगेत कुजबुज सुटली. काय म्हणाला? करार? हा तो? कोण तो? चंदेरी काकांचा कागद आता ठिकठिकाणी फाटला होता. "अहो, मघापासून मी यांनाच आठवा भाग समजावून सांगतोय!" ते हताशपणे म्हणाले, आणि चार जण फस्सकन हसले.

"मालक, इथे सगळ्यांसमोर विषय वाढवू नये," टायवाला दादाला म्हणाला. आवाज गोड होता, पण त्यात खडे लागत होते. "यांनी सही केलेली आहे. परिणाम यांनाच भोगावे लागतील."

"सही भाऊजींनी केलीय," वहिनी म्हणाली. "मी कुठे सही केलेली नाही. वन्सं, तुम्ही?"

"फॉर्मवर केलीय," आत्या म्हणाली. "खराब मालाच्या."

तिने तो दादासमोर ठेवला. दादा वाचत नसे, पण हे त्याने वाचलं. अगदी ओळीवर बोट ठेवून, पहिल्या चोरापासून शेवटच्या बापापर्यंत. वाचून झाल्यावर त्याने सुतळी उचलली, राहिलेला अर्धा वेढा घातला, टोक बाहेर काढलं आणि पार्सल छोट्याच्या हातात दिलं.

"सोड," तो म्हणाला. "इथेच."

छोट्याने टोक ओढलं. एका झटक्यात गाठ सुटली.

"आता त्याच्यावर तुझं नाव घाल. पेन दे गं याला."

"दादा, काम जाईल माझं."

"शेवटचा भाग ना हा? काम संपलंच की." दादा टेबलामागून बाहेर आला. "आणि दाराजवळची फळी रिकामी करतो मी. आज. तुझं जे काय असेल ते आण. नाव घालून."

छोट्याच्या हातात पेन आलं, पण टोपण काही निघेना. त्या काळ्या पुस्तकवाल्या मुलीने ते त्याच्या हातातून घेतलं, टोपण काढून परत दिलं आणि आपली प्रत उघडून समोर धरली. "आधी माझ्यावर," ती म्हणाली.

दादाने माइक उचलला. आयुष्यात त्याने माइक धरला नव्हता. आवाजाची पेटी खरखरली, शीळ घातल्यासारखी किंचाळली, लोकांनी कान झाकले. दारापासून घड्याळजीच्या दुकानापर्यंत शिरस्त्राणं, निळे गाल, चंदेरी चिंध्या, सगळी इकडे वळली. टायवाल्याने माइकसाठी हात पुढे केला. वहिनीने त्या हातात पाहणीच्या तक्त्यांचा गठ्ठा ठेवला.

"मंडळी," दादा म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजाला दचकला. "या दुकानात पन्नास वर्षं आम्ही कुणाला काही विचारलं नाही. त्या न विचारण्यात माझं एक माणूस अकरा वर्षं माझ्यासमोरून पार्सल घेऊन गेलं. आज विचारतो. तुम्हाला नाही. साहेबांना."

त्याने खराब मालाचा फॉर्म उलगडला, टायवाल्यासमोर धरला आणि सगळ्यात खालच्या कोऱ्या रकान्यावर बोट टेकवलं. सुतळीने चरे पडलेलं जाड बोट.

"मी वर कळवतो," टायवाला पुटपुटला. "वरून उत्तर..."

"वरचं नको. आठ भाग वरच्यांचंच ऐकलं." दादाने माइक त्याच्या तोंडापाशी नेला. रांग इतकी गप्प होती की छोट्याच्या पेनाचा आवाज येत होता. "हे एवढे लोक पहाटेपासून उभे आहेत. मी पुढची गाठ मारत नाही तोवर एकही पुस्तक बाहेर जात नाही, आणि तुम्ही बोलत नाही तोवर मी गाठ मारत नाही. बोला साहेब, माइक चालू आहे. हे पुस्तक लिहिलं कुणी?"